गोळी सोडा, मन जोडा

मित्रहो, आज स्वतःचीच किळस आली.

सकाळी मंद्रूपहून भाची आली. चेहरा ओढलेला, हात थरथरणारे. उदासीच्या आजारावरच्या गोळ्या तिनं डॉक्टरांना न विचारताच आठवड्यापूर्वी बंद केल्या होत्या.

"कुणी सांगितलं गं?"

"रीलमधल्या त्या बाबानं. 'गोळी सोडा, मन जोडा.' मामा, तुमीच पाठवलं हुतं की! वर 'वा, काय यमक!' असं लिवलंवतं."

शाळेतल्या कवितांपासून मी यमकाला भुलणारा. चालीत म्हटलं की खोटंही पाठ होतं. हा माणूस कोण, काय शिकलाय, हे पाहिलंच नाही. आज पाहिलं, तर तो काढा विकतोय! शिसारी आली.

भाचीला लगेच तिच्या डॉक्टरांकडे नेलं.

ते रील मी या ग्रुपवरही टाकलं होतं. खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी गोळ्या सोडल्यात का?