माघार की परतणं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलो की आधी कुणाची तरी परवानगी काढावीशी वाटते. ज्यांचं वाचून मी शिकलो, त्यांनी हे धार्ष्ट्य पोटात घालावं.

नव्वद साली कोपर गावातल्या आमच्या नाक्यावर वार्ताफलक होता. सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी त्यावर रंगीत खडूने बातम्या लिहायचो. दादा तेव्हा फौजेत होता, श्रीलंकेत.

आपलं सैन्य तिथून निघालं, तेव्हा चहावाल्याकडच्या पेपरात ठळक मथळा आला : 'माघार'. बाबा मिठागरातून येऊन नुकते टेकले होते. शेजारच्या काकांनी मथळा वाचला आणि हसले, "काय रं, तुझा फौजी पलून आयला वाटतं!"

बाबांना वाचता येत नव्हतं. कप तसाच ठेवून ते घरी आले. मग नाक्यावर जाईचनात. आईचं एकच, "जिता हाय ना माझा पोऱ्या?"

मी कॉलेजच्या लायब्ररीत सगळे पेपर घेऊन बसलो. आदल्या वर्षी रशियाचं सैन्य अफगाणिस्तानातून निघालं, तेव्हा मथळ्यातला 'नामुष्की' हा शब्द मला फार ऐटदार वाटला होता. त्या सैनिकांनाही बाप असतील, हे मनात आलं नव्हतं. आता मथळे सोडून खालचा बारीक मजकूर वाचला. श्रीलंकेच्या सरकारला आपलं सैन्य नको होतं आणि दिल्लीने ते परत बोलावलं होतं. पळालं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी फळ्यापुढे 'विजय' लिहावंसं फार वाटलं. पण तेही खरं नव्हतं. लिहिलं : 'सरकारच्या हुकमावरून आपले जवान बोटीने परत येत आहेत.' मग बाबांना जवळजवळ ओढतच नेलं.

काकांनी मोठ्याने वाचलं आणि थबकले. "हुकूम व्हता कं?"

"मंग! हुकमाबिगर फौजी जागचा हलतो कं?" बाबा छाती काढून म्हणाले. "वाच, अजून एकदा वाच."

काकांनी पुन्हा मोठ्याने वाचलं. बाबांनी अख्ख्या नाक्याला चहा सांगितला.

पण त्या बोटींत दादा होता की नाही, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. आई दाराशीच बसून असायची. एका दुपारी वाण्याने हाक मारली, दुकानात फोन आला होता. मी अनवाणी धावलो. पलीकडून दादा ओरडत होता, "मद्रासला उतरलोय रं! धडधाकट हाय. आयेला सांग, घरी येतोय."