कळला तर अर्ज कसला

कळंबच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली महालिंगप्पा अर्जनवीस सत्तावीस वर्षं बसत आला होता, आणि एवढ्या वर्षांत त्यानं लिहिलेला एकही अर्ज कुणाला कळला नव्हता. ही त्याची निंदा नव्हे, हीच त्याची कीर्ती! राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू. शेतकरी मराठीत आपलं रडगाणं गाई, महालिंगप्पा डोळे मिटून ऐके आणि मग बोरू दौतीत बुडवून अशी भरजरी उर्दू कागदावर उतरवी की कचेरीतला पेशकार कारकूनसुद्धा दोनदा वाची. अर्ज लिहून झाला की अर्जदाराला वाचून दाखवायचा आणि मगच त्याचा अंगठा घ्यायचा, अशी रीत होती. महालिंगप्पा ती पाळी, पण वाचून दाखवी तो उर्दूतच, मान डोलावत, घशातून एकेक अक्षर काढत. अर्जदार आ वासून ऐके आणि जाताना चार लोकांत सांगे, "एक अक्षर कळलं न्हाय. लई झ्याक अर्ज झाला!" चुकून एखाद्याला अर्ज कळलाच, तर मुन्शीजींनी आपल्याला वाटेला लावलं की काय, असं त्या बिचाऱ्याला वाटे.

घरी कानडी, बाजारात मराठी, पण शेरवानी अंगावर चढली की महालिंगप्पाला दोन्ही भाषा गावंढळ वाटत. कपाळावरच्या विभूतीइतकंच तो उच्चाराला जपे. दुसऱ्याचा उच्चार चुकला की त्याला राहवत नसे. रामकिसन नावाचा एक तरुण एकदा वडिलांचा अर्ज स्वतःच उर्दूत लिहून घेऊन आला आणि लिंबाखाली मोठ्यानं वाचू लागला. महालिंगप्पानं त्याला मधेच अडवलं. "अरे, घशातून काढ. हे अक्षर काफ आहे की कावळा?" सगळं झाड हसलं. रामकिसन कागद घडी करून निघून गेला. पुढं तो सोलापुरात इंग्रजांच्या मुलखात राहून मॅट्रिक झाला, एवढंच लोकांच्या कानावर आलं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि महिन्या-दोन महिन्यांत कचेरीत मुंबई इलाख्याकडचे साहेब येऊन बसले. त्यांचे हुकूम इंग्रजीत निघू लागले. लिंबाच्या दुसऱ्या अंगाला रामकिसननं टेबल-खुर्ची मांडली. त्याच्याभोवती माणसं दाटू लागली, आणि जाताना तेच जुनं बोलू लागली. "इंग्रजीत लिवलंय. काय बी कळलं न्हाय. काम हुणार बगा!"

तेव्हापासून महालिंगप्पाला बूड टेकवता येईना. सतरंजीवरून उठायचं, कचेरीच्या पायरीपर्यंत जायचं, परत येऊन दौत हलवून बघायची. त्यात नोटीस लागली, की जुन्या अर्जनवीसांच्या सनदा रद्द. ज्याला बसायचं असेल त्यानं महिनाअखेर नवा अर्ज द्यावा. लिंबाखालची जागा गेली तर आपण कोण? शेरवानी घातलेला एक म्हातारा, बस्स. आणि जो तो सांगू लागला, अर्ज इंग्रजीत दिला तरच साहेब बघतो. दुनियेचे अर्ज लिहिणाऱ्याला स्वतःच्या अर्जासाठी दुसऱ्याच्या दारात जायची पाळी आली.

"बसा आप्पा," रामकिसन म्हणाला. कावळ्याची आठवण त्यानं काढली नाही. त्यानं समोरचं नमुन्यांचं पुस्तक उघडलं, भराभरा लिहिलं आणि इंग्रजीत वाचून दाखवलं. महालिंगप्पा मान डोलावत राहिला.

"कळलं का?"

"न कळायला काय झालं?" महालिंगप्पा म्हणाला, आणि शेपूट लांबवून त्यानं उर्दूत झोकदार सही ठोकली.

घर येईतो तो दोनदा रामकिसनकडं माघारी वळला आणि दोनदा परत फिरला. बायकोनं, इरम्मानं, पाण्याचा तांब्या देतानाच विचारलं, "काय लिहिलं अर्जात?" तो तिच्यावर खेकसला. त्या आठवड्यात तो रामकिसनच्या टेबलापुढून किती वेळा गेला याला गणती नाही. पण अर्थ विचारायचा म्हणजे तेव्हा कळला नव्हता हे कबूल करायचं! जीव गेला तरी चालेल, पण हे होणं नव्हतं. तो बाजारात गेला की भाजी न घेताच परत येई, आणि जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवर उठे.

नवव्या दिवशी साहेबानं बोलावलं. कचेरीत तोबा गर्दी होती. साहेब मराठी बोलणारा निघाला. कागद हातात धरून तो म्हणाला, "यात लिहिलंय, अर्जदार वृद्ध, दुबळा आणि निरक्षर आहे. निरक्षर माणसाला अर्ज लिहिण्याची सनद कशी द्यायची?"

महालिंगप्पाची कानशिलं तापली. दारापाशीच उभ्या असलेल्या रामकिसनला साहेबानं पुढं बोलावलं.

"साहेब, गरिबाच्या अर्जात तसंच लिहितात. दया येते. पुस्तकातला नमुना तसाच आहे." रामकिसनचा चेहरा पडला होता. "मी आप्पांना वाचून दाखवलं. कळलं का, म्हणूनही विचारलं."

खोटं त्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढं सरकली. पांढरं कपाळ, हातात मळकं फडकं.

"मुन्शीजी, मला वळखलंत का? म्या हरणाबाई. मालक गेल्यावर रान माझ्या नावानं करा, म्हणून अर्ज तुमीच लिवला हुता. मागनं कळलं, त्यात लिवलं हुतं का बाई रांड, मूल न्हाय, बाळ न्हाय, वारस न्हाय. कचेरीनं रान दिराच्या नावानं केलं."

"दया यावी म्हणून लिहीत असू तसं," महालिंगप्पाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणीच त्याला ऐकू आलं, हे तर रामकिसनचंच बोलणं.

"व्हय. पर माझी सारजा तवा मांडीवर हुती की वो. तुमच्या पुढ्यातच बसलो हुतो आमी दोघी."

मग साहेबानं एक कोरा कागद पुढं सरकवला. "या बाईंचा अर्ज लिहा. इथंच, माझ्यासमोर, मराठीत."

महालिंगप्पा बसला. हात उर्दूच्या सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला गेला, तिथून त्यानं तो ओढून डावीकडं आणला. घाम नाकावरून ओघळत होता. "सांग बाई," तो म्हणाला.

"आदी हे लिवा. मला लेक हाय, तिचं नाव सारजा."

त्यानं तेच आधी लिहिलं. अक्षरं बैलाच्या मुतासारखी वाकडीतिकडी आली. सगळं मिळून सहा ओळी झाल्या. त्यानं वाचून दाखवलं, ओळ संपली की थांबून तिच्या तोंडाकडं बघितलं. साहेब त्याला म्हणाला, "उद्या येऊन सनद घेऊन जा."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा महालिंगप्पानं विचारलं, "कळलं का, बाई?"

"समदं कळलं." हरणाबाईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. तिचा चेहरा काही खुलेना. ती हळूच म्हणाली, "समदंच कळलं की वो, मुन्शीजी. मग ह्यानं काम व्हईल का? म्या रामकिसनकडनं इंग्रजीत लिवून घिऊ का?"

सत्तावीस वर्षं आपणच लोकांना हे शिकवलं. तो तिच्याबरोबर बाहेर आला, लिंबाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन रामकिसनच्या टेबलापुढं उकिडवा बसला. तिलाही शेजारी बसायला सांगितलं.

"लिही बाबा इंग्रजीत," तो म्हणाला, "पण एकेक ओळ आम्हा दोघांना मराठीत सांगत जा. मला इंग्रजी कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं."