मनगटाच्या पाठीवरची नाडी

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत नूरबानूचा दवाखाना होता आणि लोक तिला ‘सुईवाली बाई’ म्हणत. हे नाव तिला मुळीच आवडत नसे. सुया टोचायला कुणीही शिकेल, खरं काम नाडीचं, असं ती म्हणायची. वडील दादामियाँ युनानी हकीम. त्यांच्याकडे ती नाडी धरायला शिकली आणि मग हट्टाने मुंबईला जाऊन दोन वर्षं चिनी वैद्यक शिकून आली. त्यात नाडीचे अठ्ठावीस प्रकार. एक ताटलीत मोती घरंगळावेत तशी, एक पाण्यावर लाकूड तरंगावं तशी, एक कांद्याच्या पातीसारखी, दाबली की आत पोकळ. ही पोकळ नाडी बोटांना कळावी म्हणून तिने मार्केट यार्डातून पातीच्या जुड्या आणून दाबून पाहिल्या, आणि आठवडाभर घरात पातीचीच भाजी झाली. दादामियाँ म्हणाले, चीन लांब आहे ते बरं.

१९८४ साली तिच्याकडे कुसुमताई मान आखडते म्हणून यायच्या, त्याही भाजीच्या पिशवीआड तोंड लपवत. कारण त्या सदाशिव पेठेतल्या यज्ञेश्वर वैद्यांच्या सून. वैद्यांच्या सुनेने सुया टोचून घेतल्याचं कळलं असतं, तर घरात महाभारत झालं असतं.

एके दिवशी त्यांनी मुलीला आणलं. सुहासिनी, सतरा वर्षांची. चार वर्षांची असताना तापात आजोबांनी तिची नाडी पाहिली होती आणि निदान केलं होतं: धाग्यासारखी क्षीण, हृदय नाजूक. तेव्हापासून धावायचं नाही, पर्वती चढायची नाही, रोज सकाळी काढा. पोरगी मात्र आजोबांच्या नकळत वर्षभर खो-खो खेळत होती आणि आता कॉलेजच्या संघात निवडली गेली होती. अर्जावर पालकाची सही हवी होती, आणि त्या घरात पालक एकच. आजोबांनी पुन्हा नाडी पाहिली आणि नाही म्हणाले.

नूरबानूने तिच्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. नाडी जवळजवळ नव्हतीच. दाबल्यावर कुठेतरी एक धागा लागे आणि हरवे. अशी नाडी तिने फक्त अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची पाहिली होती. म्हणजे वैद्यबुवा खरं बोलत होते. आता या पोरीला काय सांगायचं?

पण ही पोरगी तर दोन-दोन पायऱ्या चढून आली होती आणि तिला धापसुद्धा लागली नव्हती. बाईची डाव्या हाताची आणि पुरुषाची उजव्या हाताची नाडी बघायची, हा आपल्याकडचा रिवाज. दादामियाँही तो पाळत. चिनी लोक दोन्ही हात बघतात. नूरबानूने उजवा हात घेतला. नाडी ठणठणीत. एकाच माणसाच्या एका हातात मरण आणि दुसऱ्यात खो-खो, हे काही जमेना. तेव्हा तिला शिकताना ऐकलेली, कधीच न भेटलेली एक नाडी आठवली. चिनी लोक तिला उलट्या वेशीची नाडी म्हणतात. काहींची शीर जन्मतःच नेहमीच्या जागी नसते, वळसा घालून मनगटाच्या पाठीवरून जाते. आजार नाही, घडणच तशी.

तिने बोटं मनगटाच्या पाठीवर नेली. नाडी तिथे टणाटण उडत होती. नूरबानूला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

सुहासिनीने रात्री घरी सगळं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वर वैद्य स्वतः तिला घेऊन आले. त्यांनी खुर्ची नाकारली.

“अहो बाई, चाळीस वर्षं नाड्या बघतोय. आपण मला शिकवणार?”

नूरबानूने वाद घातला नाही. तिने सुहासिनीचा डावा हात उलटा करून त्यांच्यापुढे धरला आणि फक्त जागा दाखवली. वैद्यांनी बोटं टेकवली.  मग ते नातीला घेऊन निघाले.

त्यांनी तिला थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम झाला. डॉक्टर म्हणाले, या हृदयाला काय धाड भरली आहे? त्याच संध्याकाळी अर्जावर सही झाली.

पहिल्या सामन्याला नूरबानू मैदानाच्या कडेला उभी होती. सुहासिनी खांबाला गिरकी घेऊन निसटली, पाठलागवालीला हुलकावणी देऊन पुन्हा निसटली. पाच मिनिटं झाली तरी ती कुणाच्या हाती लागेना. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत यज्ञेश्वर वैद्यही टोपी सावरत उभे होते.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, मुलगी कुणाची हो?

“नात माझी,” वैद्य म्हणाले. मग त्यांची मान वळली, आणि नूरबानूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते म्हणाले, “तेरा वर्षं हिला बसवून ठेवली, ती चूकही माझीच. आणि ती पकडली त्या बाईंनी.”