डबा भरलेला आहे

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि ह्यांच्यापासून मी शेजारी पावशेर साखर उसनी दिली तरी लपवत नसे. कितीदा ओठांवर आलं. पण तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बाहेर पडायचं — पाणी आलं का, आमटी पुरेल का. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर मला हे जमायचं नाही.

लोक मला चांगली बाई समजतात हो. परवासुद्धा कुणीतरी म्हणालं, तुमच्यासारखी माणसं आता कुठं राहिलीत.

ह्यांची नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये. फाळणीनंतर शेजारच्या लष्करी बराकींत सिंधी माणसं येऊन पडली होती. त्या कॅम्पाला लोक नुकतंच उल्हासनगर म्हणायला लागले होते. तेव्हा आमच्या भागातल्या चार भल्या माणसांनी एक मदत मंडळ काढलं. अंबरनाथ, बदलापूर, कॅम्प आणि आजूबाजूची गावं — इथल्यांनी द्यायचं आणि इथल्याच गरजवंतांना पोचवायचं. मोरिवलीचे शेतकरी भात झोडून झाला की गोणी आणून टाकत. कुणी घोंगड्या देई, कुणी औषधं. कशासाठी देतोय ते देणाऱ्याने सांगायचं आणि मंडळाने ते बरोबर तिथंच पोचवायचं.

मंडळाचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर. आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो. त्यांनी एक रीत घालून दिली होती. गरजवंताने स्वतः अर्ज करायचा नाही, शेजाऱ्याने नाव सुचवायचं. मग आमच्यापैकी एका बाईने त्या घरी जायचं, बसायचं, आणि धान्याचा डबा उघडून बघायचा. शेरा लिहायचा तो त्यानंतरच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं — परक्याच्या घरात शिरून डबे उघडायचे? मास्तर म्हणाले, कालपरवापर्यंत ज्यांच्या दारात लोक मागायला येत होते, ती माणसं उपाशी झोपतील पण ‘घरात काही नाही’ म्हणायची नाहीत. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, डबा बघा. मला ते पटलं. चांगलं पटलं होतं.

मग ते मशीन आलं.

बदलापूरच्या एका डॉक्टरांची बायको वारली. तिचं शिवणाचं मशीन त्यांनी मंडळाला दिलं. हाताने फिरवायचं, काळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. त्यांची अट एकच — ज्या बाईची चूल त्यावर पेटेल, तिला द्या. तशी कुणी मिळालीच नाही तर मंडळाने ठरवावं. आणि मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, की मग ते माझ्या शिवणवर्गात येणार.

माझा वर्ग! क्वार्टर्समधल्या दहाबारा जणींना मी दुपारची हातशिलाई शिकवायची. एका बड्या साहेबांच्या बायकोने चारचौघींत विचारलं, “मशीन नाही आणि वर्ग कसला हो?” सगळ्या खुदकन हसल्या. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. दिवाळीच्या आत आणून दाखवते, असं बोलून बसले. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी — हसू नका, किंवा हसा. मला हसायला येत नाही.

कॅम्पातल्या देवकीबाईंचं नाव त्यांच्या शेजारणीने सुचवलं. बघायला कोण जाणार, असं मास्तरांनी विचारलं आणि मी हात वर केला. का केला? तेव्हाच माझ्या मनात होतं का? स्वतःला हजारदा विचारलंय. असणारच.

बराकीबाहेरच त्या शेजारणीने मला गाठलं आणि सगळं सांगितलं. देवकीबाईंचा नवरा इकडे येताना वाटेतच गेला. पदरात एकच पोर, मोहिनी, दहा वर्षांची. हातात शिवणाची कला होती. बाजारातला एक दुकानदार झबली-फ्रॉक शिवायला द्यायला तयार होता, फक्त मशीन स्वतःचं हवं म्हणत होता. नाही जमलं तर पोरीला अजमेरला दिराकडे धाडायची, त्यांची मुलं सांभाळायला. निदान दोन वेळा पोटाला मिळेल. दिराचं कार्डही येऊन पडलं होतं. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही. सगळं ठाऊक होतं.

आत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या पाडलेल्या. देवकीबाईंनी मला खाटेवर बसवलं. अंगावर धुवट पांढरी ओढणी, ताठ मान. “सब ठीक है बहनजी, भगवान का दिया सब है,” म्हणाल्या. सिंध्यांच्या घरी आल्यागेल्यापुढे आधी पापड आणि पाणी ठेवतात. ‘अभी लाई’ म्हणून त्या पडद्याआड गेल्या. पलीकडे शेजारणीशी कुजबुज ऐकू आली — पापड उसना मागत होत्या, माझ्यासाठी.

कोपऱ्यात पत्र्याचा डबा होता. मी उठले आणि झाकण काढलं.

वरपर्यंत गोधडी कोंबलेली. कुणी हात लावला तर पोकळ वाजू नये म्हणून. मी ती बाजूला सारली. तळाला मूठभर कणी होती, बस.

मान वर केली तर मोहिनी पडद्यापाशी उभी. तिने पाहिलं होतं. आणि माहीत आहे तिने काय केलं? — ती हसली. लाजली नाही, घाबरली नाही. सुटल्यासारखी हसली. बाईंनी बघितलं एकदाचं, आता होईल काहीतरी, असं तिला वाटलं असणार. मी झाकण लावलं, खाटेवर येऊन बसले, आणि देवकीबाईंनी आणलेला पापड खाल्ला. अख्खा खाल्ला.

शेरा मी घरी येऊन लिहिला. ‘घरची स्थिती बरी. डबा भरलेला आहे.’ अक्षर माझं वळणदार, मास्तर नेहमी कौतुक करायचे. बैठकीत त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “डबा स्वतः पाहिलात ना, वहिनी?” मी म्हटलं, “पाहिला.” ते म्हणाले, “चला, एक घर तरी सावरलं.” खूश झाले होते हो ते म्हातारबाबा! दिवाळीच्या आत मशीन माझ्या वर्गात आलं. त्यावर आम्ही उशांना झालरी शिवल्या. हो, झालरी.

मोहिनी अजमेरला गेल्याचं मला महिन्याभरात कळलं. अजूनही मास्तरांकडे जाता आलं असतं. माझं चुकलं असं मी म्हणाले असते, तर त्यांनी मशीन उचलून नेलं असतं आणि पोरीला परत आणता आलं असतं. रोज म्हणायची, उद्या जाईन. चार माणसांत तोंड काळं होईल, या भीतीने नाही गेले. पुढे मास्तर गेले आणि जायला कुणी उरलंच नाही.

चारेक वर्षांनी एका दुपारी वर्ग चालू असताना दारात पापडवाली आली. देवकीबाई. मी लगेच ओळखलं. पापड मोजता मोजता त्यांनीच सांगितलं — मोहिनीचं लग्न झालं. चौदाव्या वर्षी, बिजवराशी. दिराने परस्पर उरकलं, आईला मागाहून कार्ड आलं. सांगताना त्या आतल्या मशीनचा आवाज ऐकत होत्या. एकीचा दोरा अडकला होता. त्या उठल्या, विचारून आत गेल्या, बोटाच्या एका झटक्यात दोरा सोडवला, आणि तळहात घटकाभर त्या चाकावर तसाच ठेवला.

मग दाराशी येऊन माझा हात धरला.

“बहनजी, आप लोग सबके घर डब्बा खोलते थे. हमारा नहीं खोला. मैं बाहर गई थी ना, आके मोहिनी से पूछा. उसने बताया, बहनजी ने तो हाथ भी नहीं लगाया. मेरी लाज रखी आपने.”

मी खरं सांगू शकले असते. त्या क्षणी, तिथंच. हात माझा त्यांच्या हातात होता.

मी पापड घेतले, डोक्यावर पदर घेऊन त्यांना नमस्कार केला. रात्री भाजून ह्यांच्या पानात वाढले. चांगले झालेत, म्हणाले हे. मी म्हटलं, ओळखीच्या बाईकडून घेतलेत.