गेममधल्या घरासमोरची दोन रोपं

इरा, निहार,

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं... शाळेत कुणी भुताचं सांगू लागलं की मी 'आधी वही काढ' म्हणायची. तरी हे घडलं, म्हणून क्रमाने लिहिते.

तुमचा तो हातात धरून खेळायचा गेम आजोबा गेल्यापासून पनवेलला माझ्याकडेच आहे. आजोबा त्यात शेती करायचे. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, "घरासमोर दोन रोपं लावलीत, तुमच्या नावाची." पण त्या गेममधला छोटा माणूस घरात जाऊन झोपला, तरच दिवस सेव्ह होतो. नेमकं त्यासाठीचं बटण अडकलेलं! मग आजोबांनी त्याला दाराबाहेर तसाच उभा ठेवून स्क्रीन बंद केली. बॅटरी उतरली तर तो दिवस पुसला जाईल, म्हणून मी दर सोमवारी चार्जिंग करत राहिले.

"आजी, बटण नीट कर ना... पण रोपं जाऊ देऊ नकोस," निहार, तू म्हणालास. मी आपलं शिलाई मशीनचं तेल सोडलं, दोनच थेंब. बटण आत गेलं ते वर येईचना.

सुकापूरच्या रिपेअरिंगच्या दुकानात गेले, दुपारी तीनला. दुकानदाराने वास घेतला.

"आजी, ही काय शिलाई मशीन हाय?"

"माझी मशीन चाळीस वर्षं चालतेय या तेलावर."

"तिच्या बटनाखाली रबर नाय ना! हा फुगलाय बगा. आदी बॅटरी काडायला लागंल."

"मग तो दिवस जाईल हो, दादा."

"नाय काडली तर आख्खा गेम जाईल. बोला."

मी 'काढा' म्हटलं. तुमची माफी मनातच मागितली.

बॅटरी त्याच्या तळहातावर होती. पंखा संथ फिरत होता, रस्त्यावरचे हॉर्न लांब, फार लांब गेले... आणि टेबलावरच्या गेमच्या काळ्या काचेत एक लहानसं दार उघडलं. तो छोटा माणूस आत गेला. खिडकीत पिवळा दिवा लागला. जरा वेळाने विझला.

डुलकी लागली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण दुकानदाराचा हात हवेतच थांबला होता.

"आजी... तुमी बगितला?"

"काय?"

"काय नाय."

त्याने सगळं स्पिरिटने पुसलं, नवं रबर बसवलं, बॅटरी जोडली. बटण टक् करून वर आलं. गेम सुरू झाला, तर सकाळ झालेली! माणूस दार उघडून बाहेर आला. समोर दोन रोपं. खालची माती ओली.

"आजी, सेव कदी केला?"

"मी नाही केलं."

इंजिनिअर झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला विचारलं. बॅटरी काढल्यावरही बोर्डात थोडी वीज राहते, असं तो म्हणाला. "मग दार कुणी उघडलं?" म्हटल्यावर त्याने गेमच बघायला मागितला.

रोपं अजून आहेत. त्यांना हात लावला नाही मी. पुढचा दिवस तुम्ही येऊन खेळा.

— आजी