पेंढ्याची पांढरी धूळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही — नवऱ्यापाशी नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुलूला ओळखत नाही.

सुलू माझी धाकटी जाऊ. तळेऱ्यापासून आत आमचं गाव, घरामागे गुरांचा गोठा. ती लग्न होऊन येईपर्यंत शेण काढणं, वैरण घालणं माझ्याकडे होतं. ती आली आणि मी सुटले. इतकी सुटले, की वास माझ्या स्वयंपाकघरात येतो म्हणून गोठ्याची एकुलती एक खिडकी फळी ठोकून बंद करायला लावली. आत सुलू असायची — तिचं काय? माझ्या मनातही आलं नाही.

गोठ्याच्या माळ्यावरचा पेंढा पावसाळ्यात दमट व्हायचा, त्याला बुरशी यायची. सुलू तो खाली ओढून झाडायची, तेव्हा पांढरी धूळ उडायची. हळूहळू तिला खोकला लागला. संध्याकाळी अंगात कणकण, विहिरीवरून कळशी आणतानाही धाप. आणि मी? मी तिच्या खोकल्याची नक्कल करून पोरांना हसवायची. कामचुकार म्हणायची. मजा यायची मला — खोटं कशाला बोलू?

पण सांगायचंय ते हेही नाही. मी अजून घुटमळतेच आहे.

कणकवलीला छातीच्या डॉक्टरांकडे तिला मीच नेलं. ती आत फोटो काढायला गेली आणि डॉक्टर माझ्याशी बोलले. म्हणाले, हा गोठ्यातल्या धुळीचा आजार, फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. औषध देतो, पण मुख्य म्हणजे हिला गोठ्यात पाऊल टाकू देऊ नका. आत्ता थांबलं तर निभावेल. मी मान डोलावली. आणि मनात एकच आलं — मग शेण कोण काढणार? मीच ना?

सुलू बाहेर आली. "काय म्हणाले, वयनी?"

"काय नाय गो. अशक्तपणा आसा. गोळये घे, बरा वाटात."

घरीही मी हेच सांगितलं. गोळ्यांनी तिला थोडे दिवस बरं वाटलं, आणि ती पुन्हा गोठ्यात. पुढे कित्येक वर्षं. रोज सकाळी चहा पिताना मला तिचा खोकला ऐकू यायचा. मी चहा पीत राहिले.

आता सुलू खाटेवर असते. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली की तिचे डोळे भीतीने मोठे होतात. ती आजारी पडून राहिली तशी आम्ही गुरं विकून टाकली. कुणाचं काही अडलं नाही. तेव्हाही विकता आली असती.

घरी कोणी भेटायला आलं की ती थांबत थांबत, श्वास गोळा करून सांगते, "माका डॉक्टराकडे वयनीनच न्हेल्यान."

मी तिथेच उभी असते. तिची उशी नीट करते. "बोलू नको गो, दमशीत," म्हणते.