हाक न मारायचं तळं

आमचे हे तिरुभुवनमच्या एका रेशमी साड्यांच्या दुकानातून निवृत्त झाले, घरात बसवेना, म्हणून वाटाडे झाले. गाव त्यांना रावजी म्हणतं. मी 'अहो' म्हणते. आमच्या तंजावरी मराठी घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि घेणारी वडीलधारी माणसं केव्हाच गेली.

थंडीच्या महिन्यांत, एखाद्या रविवारी पहाटे, ते दहा-बारा जणांना सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनवर जमवतात आणि कालव्याच्या बांधावरून, भातशेतांतून एका तळ्यापर्यंत चालवत नेतात. तळं फार मोठं नाही, पण चिखल खोल, आणि काठाला माणूस दिसेनासा होईल इतकी उंच लव्हाळी.

या तळ्याची गोष्ट अशी. एक आई लेकीला नावानं हाका मारत इथे आली. पाण्यातून लेकीच्या आवाजात ओ आली. आई त्या आवाजामागे आत गेली ती गेलीच. लेक मात्र मागच्या शेतात खेळत होती. तेव्हापासून या काठावर कुणी नाव घेऊन हाक मारली, की तळं ओ देतं आणि हाक मारणाऱ्याला घेऊन जातं.

म्हणून स्टेशनवरच हे प्रत्येकाला एकेका भाजीचं नाव देतात. तळ्यावर हाक मारायची तर त्याच नावानं. मला दर खेपेला कारलं. का, ते मी विचारत नाही. बाकीच्यांना हा खेळ वाटतो. घरी राहुकाळाची टिंगल करणाऱ्या या माणसाच्या तळहातांना मात्र तिथे पोचल्यावर घाम सुटतो. पाण्याची बाटली निसटते हातातून, मी पाहिलंय.

गेल्या जानेवारीत पवित्रा नावाची मुलगी वडिलांना घेऊन आली. जानकीरामराव आमच्यातलेच. उंच, हसरे, पण स्मृती पार गेलेली. मुलीलाच विचारायचे, "तूं कोणाची गो?" ह्यांनी त्यांना पडवळ केलं.

तळ्यावर धुकं होतं. गोष्ट सांगून झाली, इडल्यांच्या पुड्या सुटल्या, आणि पवित्रानं मागे पाहिलं तर वडील नव्हते.

"पडवळ! पडवळ!" सगळे ओरडत सुटले. सकाळी दिलेलं नाव त्या डोक्यात टिकणार कसं? पवित्रानं "अप्पा, अप्पा" करून घसा फोडला. त्यालाही उत्तर नाही. तिनं नाव घेऊन हाक मारायला तोंड उघडलं तसा ह्यांनी तिचा दंड धरला.

"तूं नको. मी बोलवतों."

आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "जानकीराम!"

ओ आली. काठावरून नाही, पाण्यातून.

हे चपला काढून पाण्यात उतरले.

"अहो, थांबा."

"ओ आली नव्हे? आतां जावंच लागतं."

पाणी कमरेला आलं, छातीला आलं, मग लव्हाळ्यांत शिरले आणि दिसेनासे झाले. थोडा वेळ पाण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मला भीती वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. 'अहो' म्हणून दोनदा हाक मारली, ती धुक्यात विरून गेली. गोष्टीतली ती आई माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, तरी मी ह्यांचं नाव घेऊन ओरडले.

"व्यंकोबा!"

मग लांबून, दबलेली, ओ आली.

ती कुणाची, हे विचारायला मी थांबले नाही. लुगड्यासकट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले तेव्हा लव्हाळी हलली आणि दोघं बाहेर आले. मानेपर्यंत माखलेले, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. कमळाच्या देठांत जानकीरामरावांचा पाय अडकला होता, तो हे सोडवत बसले होते.

काठावर पवित्रानं वडिलांना टॉवेलात गुंडाळलं. ते कुडकुडत होते, पण चेहरा उजळला होता.

"मज कोण बोलवलं?" त्यांनी विचारलं. "फार दिवस जाले, माझं नांव कोणी घेतलं नाही."

पवित्राला रडू फुटलं. हे नेसूची वेष्टी पिळत होते. पिळता पिळता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझंही," म्हणाले.